खुर्ची नंबर नऊची चिठ्ठी

माझ्या मामाला जगात दोनच गोष्टी कळतात, असं मामी म्हणते: चाक आणि चहा. त्यातला चहा त्याला फक्त पिता येतो. चाकाचं मात्र तसं नाही. एकतीस वर्षं तो एका मोठ्या रुग्णालयाच्या दुरुस्ती विभागात फिटर होता. वरच्या मजल्यावर एखादी ट्रॉली कुरकुरत गेली की हा खाली बसल्या जागी सांगायचा, "पुढचं उजवं. बेअरिंग गेलंय." जाऊन बघावं तर तसंच असायचं.

तो निवृत्त झाला त्या वर्षी रुग्णालयानं सात व्हीलचेअर भंगारात काढल्या. मामानं त्या मागून घेतल्या आणि घराखालच्या गॅरेजात आणून टाकल्या. गॅरेज रिकामंच होतं, कारण गाडी घेऊ घेऊ म्हणत कधी घेतलीच नाही. "लोकं निवृत्त झाल्यावर बाग लावतात," मामी म्हणाली, "आमच्याकडे लोखंड उगवतंय." सातांच्या मोडतोडीतून पाच धड खुर्च्या उभ्या राहिल्या. मग कुणी घरातली पडून असलेली आणून दिली, कुणी वॉकर, कुणी कुबड्या. ज्याला लागेल त्यानं न्यावं, गरज संपली की परत आणावं. नाव विचारायचं नाही, अनामत नाही, पावती नाही. अट एकच. परत आणताना आपल्या हातानं एक चिठ्ठी लिहायची, पुढच्या माणसासाठी.

त्या चिठ्ठीचा मामानं कायदा करून ठेवला होता. आधी दुखणं, मग गाणं. म्हणजे वस्तूत काय बिघडलंय, कुठे अडतं, कसं सांभाळून घ्यायचं ते पहिल्या ओळीत. मनातलं जे काय असेल ते नंतर, आणि नसलं तरी चालेल. ती चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून खुर्चीच्या पाठीला बांधली जायची आणि खुर्ची जाईल तिथे जायची.

"नंबर दोन. उजवं हँडल घामानं निसटतं, जुना मोजा चढवावा. लिफ्टमध्ये उलटी न्यावी, सरळ अडकते. आमचे बाबा गेले. खुर्ची चांगली आहे."

"कमोडच्या खुर्चीचा मागचा पाय आखूड. पुठ्ठा घालू नये, भिजतो. फरशीचा तुकडा घालावा. आईला फार लाज वाटायची, पण सवय होते."

अशा चिठ्ठ्या. मी एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसते. दोन पेशंटांच्या मधे वेळच वेळ असतो, आणि दात उपटून घेणाऱ्यांचं कण्हणं ऐकत बसण्यापेक्षा काहीतरी करावं म्हणून मी या चिठ्ठ्या टाइप करून एका ब्लॉगवर टाकायला लागले. नाव ठेवलं 'पुढच्यासाठी'. कुठली वस्तू मोकळी आहे, कुठली गेली आहे, तेही लिहायची. वाचणारे जेमतेम दोनशे. पण त्या दोनशेंतलं कुणी ना कुणी रोज फोन करायचं आणि वस्तू हलायची. सहा वर्षं हे असं सुखानं चाललं. मधल्या काळात मामाला काचबिंदू झाला. समोरचं मोठं दिसतं, बाजूचं आणि बारीक गेलं. तेव्हापासून खुर्ची परत आली की चिठ्ठी मी वाचायची आणि तो हातानं चाचपत दुरुस्ती करायचा. मी म्हणजे त्याचा चष्मा, असं तो सगळ्यांना सांगायचा. मला त्याचा अभिमान होता. आता ते आठवलं की जमिनीत गडप व्हावंसं वाटतं.

परदेशातून पहिलं पत्र आलं तेव्हा आम्हाला ते फसवणुकीचं वाटलं. जगभरातल्या सेवाभावी ब्लॉगांमधून आमची निवड झाली आहे, कृपया संपर्क साधावा. मामा म्हणाला, "लिही त्यांना, आमच्या बँकेत काही नाही, तुमचे कष्ट वाया जातील." मी खरंच तसं लिहिलं. तिकडे त्यांना ते इतकं आवडलं की त्यांनी ते पत्रसुद्धा छापलं. मग फोन आला, मग दुसरा. आमच्याच शहरातून तिकडे शिकायला गेलेल्या कुणीतरी चिठ्ठ्यांचं भाषांतर करून पाठवलं होतं म्हणे, आणि ते वाचून परीक्षक रडले होते. पुठ्ठा भिजतो हे वाचून माणसं रडतात, हे मामाला काही केल्या पटेना.

बक्षीस म्हणून काचेचा एक जड ठोकळा आला. वाऱ्यानं गॅलरीचं दार आपटायचं, मामीनं तो तिथे लावला. "आलेल्या पाहुण्याला काम दिलं पाहिजे," म्हणाली.

पण पाहुणे तेवढ्यावर थांबले नाहीत. ब्लॉगचे दोनशे वाचक एका महिन्यात दोन लाख झाले. तिकडच्या संस्थेची एक संपादिका होती, बाई मनाची खरोखर चांगली. तिनं ब्लॉगला नवं रूप दिलं. प्रत्येक चिठ्ठी दोन भाषांत, एका सुबक चौकटीत, चौकटीत सत्तर शब्द मावणार. जुन्या सगळ्या चिठ्ठ्या मी त्या मापात बसवून द्यायच्या. "आत्मा ठेवा, बाकीचं सोडलं तरी चालेल," असं तिनं मला लिहिलं. मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आत्म्याबद्दल काही विचारलं होतं. एरवी मला लोक विचारतात, डॉक्टर किती वाजता येतात. मी लेखिका झाल्यासारखी कामाला लागले. मोजे, पुठ्ठे, फरशीचे तुकडे मी सपासप कापले.

आणि लोकही बदलले. आता चिठ्ठी लिहिणाऱ्याला ठाऊक असायचं की ती सातासमुद्रापार वाचली जाणार. दुखणं मागे पडलं, गाणं पुढे आलं. एकानं कुबड्या परत करताना दोन पानं लिहिली, त्यात कुबडी हा शब्दच नव्हता. मामा ऐकून घ्यायचा आणि विचारायचा, "रबर झिजलंय का, ते लिहिलंय का त्यानं?" मी म्हणायची, "मामा, छान लिहिलंय रे." तो रबर चाचपून बघायचा.

खुर्ची नंबर नऊ परत आली त्या दिवशी गॅरेजात कॅमेरेवाले होते. संपादिकाबाई स्वतः आल्या होत्या. खुर्ची आणणारे भूगोलाचे निवृत्त मास्तर होते. त्यांच्या पत्नी त्या खुर्चीत अकरा महिने होत्या आणि आदल्या आठवड्यात गेल्या होत्या. मास्तरांनी वहीच्या पानावर सुंदर अक्षरात चिठ्ठी लिहून आणली होती. कॅमेरेवाल्यांनी मला ती मोठ्यानं वाचायला सांगितली. "या खुर्चीतून माझ्या पत्नीनं अकरा महिने एकच रस्ता पाहिला. मी आयुष्यभर मुलांना जगाचा नकाशा शिकवला, तिनं मला एका रस्त्याचा नकाशा शिकवला." एवढं वाचलं, दुभाष्यानं ते कानात सांगितलं आणि संपादिकाबाईंना रडू आवरेना. सगळे उठून मास्तरांशी हात मिळवायला लागले. मी पान घडी करून ठेवलं. मामा एका कोपऱ्यात खुर्चीवर हात ठेवून उभा होता, कारण त्याला तिथे उभं राहायला सांगितलं होतं.

संध्याकाळी मी ते पान चौकटीत बसवलं. दुसऱ्या दिवशी निवडक चाळीस चिठ्ठ्यांचं पार्सल तिकडे प्रदर्शनासाठी गेलं, त्यात ते पानही गेलं. मामा नको म्हणत होता. "चिठ्ठी खुर्चीची असते," एवढंच त्याचं म्हणणं. मी म्हटलं, ब्लॉगवर आहे की, फोनवरून वाचून दाखवीन. "तू म्हणतेस तर दे," तो म्हणाला.

तीन आठवड्यांनी नंबर नऊ पुन्हा बाहेर पडली. पलीकडच्या चढावरच्या गल्लीत एक शिवणकाम करणाऱ्या ताई राहतात, त्यांच्या नवऱ्यासाठी. तो बस कंडक्टर. अर्धांगाच्या झटक्यानं डावी बाजू गेली होती, पण गडी चिवट. व्यायाम शिकवणाऱ्या बाईनं सांगितलं होतं की पाच मिनिटं आधार धरून उभा राहायला लागला की चालायला लावू. ताई घड्याळ लावून मोजायच्या. खुर्ची न्यायला आल्या तेव्हा त्यांनी अभिमानानं सांगितलं, "काल दोन मिनिटं दहा सेकंद उभे राहिले. खिडकीची कड धरून." रोज सकाळी त्याला दाराबाहेर उन्हात बसवायचं, त्या आत मशीनवर, तो बाहेर येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा मारणार, आणि मधूनच कड धरून उभा राहायचा सराव करणार. असा बेत होता. त्या माणसाचं चालणं आता त्या खुर्चीवर अवलंबून होतं, हे आम्हाला तिघांनाही माहीत होतं.

मी फोनवरून चिठ्ठी वाचून दाखवली. एका रस्त्याचा नकाशा. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मामानं दोन्ही ब्रेक ओढून खुर्ची ढकलून बघितली. हलली नाही. आमच्या गॅरेजची फरशी सपाट आहे.

नवव्या दिवशी सकाळी खुर्ची गल्लीच्या उतारावरून सुटली आणि खालच्या लोखंडी फाटकावर जाऊन आदळली. कंडक्टरची मांडी मोडली. ताईंनी मशीनच्या आवाजात काही ऐकलंच नाही. शेजारचा माणूस ओरडत आला तेव्हा त्यांच्या हातात कुणाच्या तरी कोटाची बाही होती, ती घेऊनच त्या धावल्या.

मामानं खुर्ची परत आणवली. गॅरेजात ब्रेक लावून बघितला, धरला. मग तिच्यात वाळूचं पोतं ठेवलं आणि मला म्हणाला, चढावर ने. तिथे डावा ब्रेक हळूहळू सुटत गेला, पाव इंच, अर्धा इंच, आणि मग एकदम. मामानं खुर्ची अंगानं अडवली. "माझ्या हातातून निसटलं," तो म्हणाला. "एकतीस वर्षं केलं आणि आता हाताला कळेनासं झालं." त्यानं तो ब्रेक बदलला. त्यानंतर गॅरेजचं शटर ओढलं ते ओढलंच. लोकांचे फोन येत, मी सांगे, सध्या बंद आहे. मामी त्याला मुद्दाम टोचायची, नळ गळतोय, बिजागरी कुरकुरतेय. तो म्हणायचा, "कुणाला तरी बोलाव."

मला राग आला तो मास्तरांचा. एवढं लिहितायत, नकाशा न् बिकाशा, मग ब्रेकची एक ओळ लिहायला काय झालं होतं? मी त्यांना फोन केला आणि नको ते बोलले. ते म्हणाले, "मला वाटतं मी लिहिलं होतं. पण त्या दिवसांत माझं काही ठिकाणावर नव्हतं. नसेल लिहिलं. चूक माझीच. त्या कंडक्टरांना भेटायला मी येऊ का?" मी म्हटलं, आता येऊन काय उपयोग.

आणखी दोन आठवड्यांनी संपादिकाबाईंनी प्रदर्शनाचे फोटो पाठवले. उंच पांढऱ्या भिंती, काचेच्या पेट्या, हातात पेले घेतलेली माणसं. एका फोटोत मास्तरांचं पान होतं, अगदी जवळून. शेजारी तिकडच्या भाषेत माझी सत्तर शब्दांची चौकट. मी पान मोठं करून बघितलं, अक्षराचं कौतुक म्हणून. नकाशाच्या खाली, सहीच्याही खाली, शाळेत सूचना लिहितात तशी एक ओळ होती. "विशेष सूचना: उतारावर डावा ब्रेक धरत नाही. सपाटीवर कळून येत नाही. चाकाला वीट लावावी."

ती ओळ मी वाचली होती. आज पहिल्यांदा नाही, चौकट केली त्या संध्याकाळीच वाचली होती. चौकटीत मावत नव्हती म्हणून कापली होती. उद्या मामाला सांगू असं मनात आलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी पार्सलाच्या गडबडीत ते साफ राहून गेलं. मास्तरांवर ओरडताना मला हे आठवलंसुद्धा नव्हतं. माणूस स्वतःला किती लवकर माफ करून टाकतो, आणि तेही स्वतःला न कळवता.

मी संपादिकाबाईंना सगळं लिहिलं. ती ओळ निदान भाषांतरात घाला, आणि पान परत पाठवा. त्यांचं उत्तर त्याच दिवशी आलं, फार हळवं उत्तर. त्या रात्रभर झोपू शकणार नव्हत्या. पान मात्र अजून तीन शहरांत जायचं होतं, वर्षअखेरीपर्यंत हलवता येत नव्हतं. आणि जे घडलं त्यानंतर या ओळीत विलक्षण ताकद आली आहे, तेव्हा ती मोठ्या अक्षरात प्रदर्शनाच्या दारावर लावायची परवानगी मिळेल का, असं त्यांनी विचारलं होतं. मी दवाखान्याच्या काउंटरवर बसून ते वाचलं. समोर गाल धरून एक आजी बसल्या होत्या. कुणावर चिडावं तेच मला कळेना, कारण बाई मनापासूनच लिहीत होत्या.

मास्तरांना फोन केला. "म्हणजे लिहिलं होतं मी," ते म्हणाले. "बरं झालं सांगितलंत. मला वाटलं, डोकंही गेलं आता." त्यांनी मला एका शब्दानं दुखावलं नाही. दुखावलं असतं तर बरं झालं असतं.

मामाला सांगितलं तेव्हा तो पलंगावर बसून मामीनं दिलेल्या शेंगा सोलत होता. तो सोलतच राहिला. मला वाटलं होतं, निदान आपला हात चुकला नव्हता हे कळून त्याला बरं वाटेल. त्याला तसं काही वाटलं नाही. "कंडक्टरच्या बायकोला सांगितलंस?" त्यानं विचारलं. मी नाही म्हटलं. "मग आधी तिकडे जा."

ताईंच्या खोलीत पलंग मशीनच्या शेजारी ओढून घेतला होता. कंडक्टर भिंतीकडे तोंड करून पडला होता, झोपला होता की ऐकत होता कळलं नाही. खिडकीच्या कडेवर आता कपड्यांची चळत होती. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. ताईंनी मशीन थांबवलं नाही, शिवण संपवली, दोरा तोडला.

"तू कापलंस?"

"हो."

"मी जन्मभर कापतेय," त्या म्हणाल्या. "माप घेतल्याशिवाय कात्री नाही लावत." मग त्यांनी दुसरा तुकडा मशीनखाली सरकवला. मी विचारलं, काही लागेल का, औषधं, डॉक्टर, काहीही. त्या म्हणाल्या, हाड जुळलं तरी या वयात पुन्हा उभं राहणं अवघड असं सांगितलंय, आता त्यावर तू काय आणणार. रागानं नाही म्हणाल्या. हिशेब संपल्यावर माणूस बोलतो तसं म्हणाल्या.

मी निघताना त्यांनी हाक मारली. "परत केली ना ती खुर्ची? मग चिठ्ठी द्यायची राहिली माझी." मी म्हटलं, ताई, असू द्या. "असू द्या कसं? नियम आहे ना तुमचा." मापं लिहून घ्यायच्या पेन्सिलीनं त्यांनी कापडाच्या दुकानाच्या एका पावतीमागे लिहिलं आणि घडी न घालता माझ्या हातात दिलं.

मी तशीच मामाकडे गेले. तो खाली होता. कितीतरी दिवसांनी शटर अर्धं उघडलं होतं आणि आत नंबर नऊ उभी होती. "दिली तिनं?" त्यानं विचारलं. "वाच."

पावती लहान होती, तीनच ओळी होत्या. शेवटची ओळ गिळून टाकावी असं मला वाटलं, खोटं कशाला बोलू. डोळे गेल्यापासून हा म्हातारा माझ्या तोंडाकडे बघून खुर्च्या दुरुस्त करत आला होता. मी वाचलं.

"नंबर नऊ. डावा ब्रेक नवा घातला आहे असं सांगतात. आमचं माणूस आता बसत नाही म्हणून परत केली. नेणाऱ्यानं ब्रेक स्वतः उतारावर बघून घ्यावा, चिठ्ठीवर विसंबू नये."

मामानं मान हलवली. खुर्चीच्या पाठीची रिकामी पिशवी चाचपून उघडली, मग थांबला.

"पूर्ण वाचलंस का?" त्यानं विचारलं.

हे त्यानं मला याआधी कधी विचारलं नव्हतं. मी हो म्हटलं. त्यानं पावती माझ्या हातातून घेतली, उजेडाकडे गेला, आणि ती अगदी डोळ्याला लावून, त्याला दिसत नसताना, ओळीओळीवरून बोट फिरवत बसला.